मौद्याची वीज आणि उष्णतेचा हिशेब



नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणारा हमरस्ता जेथें कन्हान नदी ओलांडतो, तेथें नदीच्या कांठीं मौदा हें तालुक्याचें गांव आहे. धानाच्या बांध्यांच्या या मुलुखांत आतां उंच धुराडीं आणि वाफाळणारे मनोरे दुरूनच दिसूं लागतात. १९७५ सालीं स्थापन झालेल्या आणि आतां एन्टीपीसी या आद्याक्षरांनींच ओळखल्या जाणाऱ्या महामंडळाचें हें औष्णिक विद्युत्केंद्र होय. ५०० मेगावॅटचे दोन व ६६० मेगावॅटचे दोन असे चार संच येथें २०१२ ते २०१७ या अवधींत उभे राहिले; त्यांतील पहिला टप्पा २१ ऑगस्ट २०१४ रोजीं पंतप्रधानांच्या हस्तें राष्ट्रास अर्पण करण्यांत आला. चारही संचांची बेरीज २,३२० मेगावॅट भरते.

एवढा मोठा आंकडा ऐकला कीं आपण दिपून जातों, आणि पुढें विचारावयाचें तें विचारीत नाहीं. मौद्याच्या भट्टींत जळणाऱ्या कोळशापासून जी उष्णता निघते, तिचे तीन भाग केले तर त्यांतील एकाहून थोडासाच अधिक भाग विजेच्या रूपानें तारेवर चढतो. बाकीचे जवळजवळ दोन भाग हवेंत व पाण्यांत निघून जातात. हा यंत्रचालकांचा निष्काळजीपणा नव्हे, आणि मुख्यत्वें यंत्राचा दोषही नव्हे. याच्या मुळाशीं सृष्टीचा एक नियम आहे. तो नियम मनुष्याच्या हातीं कसा लागला आणि आपल्या रोजच्या घरगुती व्यवहाराशीं त्याचा संबंध काय, हें आज सांगावयाचें आहे.

प्रथम मापांचा घोळ दूर केला पाहिजे. विजेच्या दिव्यावर वॅट लिहिलेले असतात आणि महिन्याच्या बिलावर युनिट. पुष्कळ सुशिक्षित माणसेंही हीं दोन्ही मापें एकच समजतात. नळाची धार किती जोराची आहे हें एक, आणि त्या धारेनें हौदांत किती पाणी सांठलें हें दुसरें. वॅट हें धारेचें माप आहे, युनिट हें हौदांतील पाण्याचें. शास्त्राच्या भाषेंत पहिलीस शक्ति म्हणतात व दुसरीस ऊर्जा. हजार वॅटची शेगडी एक तास चालली म्हणजे एक युनिट खर्च होतें. शंभर वॅटचा दिवा दहा तास जळला तरी तेंच. मौद्याचे चारही संच पूर्ण भारानें एक तास चालले, तर २३ लक्ष २० हजार युनिट वीज तयार होते.

वॅट हें नांव जेम्स वॅट या स्कॉटिश यंत्रकाराचें. आपलें वाफेचें एंजिन किती कामाचें आहे हें गिऱ्हाइकांस पटवून देण्यासाठीं तो त्याची तुलना घोड्यांशीं करी. त्याच्या हिशेबाचा एक घोडा आजच्या मापानें ७४६ वॅटांचा होतो. १८८२ सालीं विल्यम सीमेन्स यानें शक्तीच्या मापास वॅटचें नांव सुचविलें व १८८९ सालीं तें आंतरराष्ट्रीय परिषदेंत मान्य झालें. सतत आठ तास अंगमेहनत करणारा मजूर सरासरीनें सुमारें ७५ वॅट शक्तीनें काम करतो असें धरतात. म्हणजे त्याच्या दिवसभराच्या घामाची किंमत युनिटांत मांडली तर ती पाऊण युनिटही भरत नाहीं. जी वस्तु आपण कांहीं रुपयांस विकत घेतों, तिचें मोल यावरून ध्यानीं यावें.

आतां उष्णतेकडे वळूं. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपांतील बहुतेक शास्त्रज्ञांची अशी समजूत होती कीं, उष्णता म्हणजे एक वजनरहित, अदृश्य द्रव असून तो तापलेल्या वस्तूंतून थंड वस्तूंत पाझरतो. लव्हाझ्ये याच्यासारख्या थोर रसायनवेत्त्यानेंही १७८९ सालीं त्यास मूलद्रव्यांच्या यादींत स्थान दिलें होतें. ही कल्पना टाकाऊ नव्हती. उष्णतेचीं अनेक मापें तिच्या आधारें बिनचूक करतां येत. परंतु तिच्या पायालाच धक्का देणारी एक गोष्ट म्यूनिक येथील तोफखान्यांत दिसून आली. तेथें काउंट रम्फर्ड हा तोफांच्या नळ्या कोरण्याच्या कामावर देखरेख करीत असे. कोरतांना धातु भयंकर तापे. रम्फर्डनें बोथट हत्यार लावून, घोड्यांकरवीं तें फिरवून आणि नळीभोंवतीं पाणी भरून पाहिलें. अडीच तासांत तें पाणी खळखळां उकळूं लागलें. जवळ विस्तव नव्हता. घोडे फिरत राहतील तोंवर उष्णता निघतच राही. जी वस्तु कितीही काढली तरी संपत नाहीं, ती द्रवरूप पदार्थ कशी असूं शकेल? ती गतीचाच एक प्रकार असली पाहिजे, असें रम्फर्डनें १७९८ सालीं मांडलें.

तथापि शास्त्राचें समाधान केवळ अनुमानानें होत नाहीं; त्यास आंकडा लागतो. तो मँचेस्टरजवळच्या सॅलफर्ड गांवच्या एका मद्य गाळणाऱ्याच्या मुलानें मिळवून दिला. त्याचें नांव जेम्स ज्यूल. त्याच सुमारास, १८४२ सालीं, जर्मनींत रॉबर्ट मायर या वैद्यानेंही उष्णता व कार्य यांचें परस्पर-रूपांतर होतें असा सिद्धांत प्रसिद्ध केला होता. परंतु तो प्रयोगानें कसून सिद्ध करण्याचें श्रेय ज्यूलचें. त्यानें पाण्यानें भरलेल्या भांड्यांत वल्ह्यांसारखीं पातीं बसविलीं आणि दोरीला टांगलेलीं वजनें खालीं सोडून तीं फिरविलीं. वजन किती उंचीवरून उतरलें तें मोजावयाचें आणि पाणी किती तापलें तें पाहावयाचें. पाण्याच्या तापमानांत पडणारा फरक इतका सूक्ष्म असे कीं, अंशाचा दोनशेंवा भाग वाचतां येईल असा तापमापक त्यास लागला. १८४३ पासून अनेक रीतींनीं केलेल्या या प्रयोगांचा निकाल १८५० सालीं छापून प्रसिद्ध झाला. आजच्या मापांत तो असा : एक किलोग्रॅम पाणी एक अंश सेल्सियसनें तापविण्यास जेवढी ऊर्जा लागते, तेवढीच एक किलोग्रॅम वजन सुमारें ४२७ मीटर उंच उचलण्यास लागते.

या आंकड्याचा अर्थ नीट मनांत उतरावा म्हणून एक उदाहरण घेऊं. एक युनिट वीज घ्या. यंत्रांतील घर्षण क्षणभर बाजूस ठेवलें, तर तिच्या बळावर शंभर मीटर उंचीच्या टेकडीवर ३६ क्विंटल धान्य चढवितां येईल. परंतु तेंच एक युनिट पाणी तापविण्यास वापरलें, तर तीस अंशांवरचें अवघें बारा लिटर पाणी उकळीला येईल. एका बाजूस गाडाभर धान्य टेकडीवर, आणि दुसऱ्या बाजूस बादलीभरही नाहीं एवढें पाणी चुलीवर! उष्णतेची भूक केवढी मोठी असते, हें ज्यूलच्या आंकड्यानें प्रथमच जगास दाखविलें.

येथें श्रोत्यांच्या मनांत एक आशा उत्पन्न होईल. उष्णता एवढी ऊर्जा गिळते, तर कोळशाच्या उष्णतेपासून उलट तेवढेंच प्रचंड कार्यही काढतां यावें. कार्याची उष्णता जशी पुरतेपणीं करतां येते, तसें उष्णतेचें कार्यही पुरतेपणीं कां करतां येऊं नये? या प्रश्नाचें उत्तर ज्यूलच्याही आधीं, १८२४ सालीं, सादी कार्नो या तरुण फ्रेंच स्थापत्यविशारदानें एका लहानशा पुस्तकांत देऊन ठेवलें होतें. पाणी उंचावरून खालीं पडतें तेव्हांच पाणचक्की फिरते. त्याचप्रमाणें उष्णता तापलेल्या ठिकाणाहून थंड ठिकाणीं जाते तेव्हांच तिच्यापासून कार्य मिळतें, आणि किती मिळूं शकेल याची मर्यादा त्या दोन ठिकाणांच्या तापमानांवरच अवलंबून असते. एंजिन कोणत्या कारागिरानें घडविलें, त्यांत वाफ आहे कीं दुसरा कोणता वायु आहे, यानें ती मर्यादा बदलत नाहीं. १८३२ सालीं पटकीच्या सांथींत कार्नो वारला, तेव्हां त्याचें वय ३६ वर्षांचें होतें. त्याच्या पुस्तकाकडे कोणी फारसें लक्ष दिलें नव्हतें.

पुढें १८५० व १८५१ सालीं जर्मनींत क्लॉसियस आणि स्कॉटलंडांत टॉमसन यांनीं ज्यूल व कार्नो यांचा मेळ घातला. ऊर्जा नष्ट होत नाहीं, हा पहिला नियम. परंतु उष्णता सर्वच्या सर्व कार्यास लावतां येत नाहीं. तिचा कांहीं भाग थंड जागीं सोडून द्यावाच लागतो, हा दुसरा. सावकाराच्या वहींत रोख रुपया आणि बुडीत येण्याचा रुपया हे दोन्ही रुपयेच म्हणून मांडलेले असतात. बाजारांत मात्र रोखच चालतो. वीज ही ऊर्जेची रोकड आहे. निववणीच्या कोमट पाण्यांतील उष्णता हें बुडीत येणें आहे. बेरजेंत एक कवडीही कमी होत नाहीं, पण व्यवहारांत उपयोगी पडणारी रक्कम प्रत्येक खेपेस घटत जाते.

हा सिद्धांत युरोपांत ठरत होता तेव्हां नागपुरांत वाफेचें युग सुरू व्हावयाचें होतें. १८६७ सालीं मुंबईची रेल्वे नागपुरास पोंचली. १ जानेवारी १८७७ रोजीं जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि कोळशाच्या आंचेवर तिचीं चाकें फिरूं लागलीं. १८८७ सालीं स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेनें नागपूर-छत्तीसगडचा मार्ग आपल्याकडे घेतला. हाच लोहमार्ग आज मौद्याजवळच्या चाचेर स्थानकावरून कलकत्त्याकडे जातो. एम्प्रेस मिल आतां राहिली नाहीं आणि त्या मार्गावर वाफेचीं एंजिनेंही धांवत नाहींत. परंतु कोळशाची उष्णता, तिची वाफ आणि वाफेचें कार्य ही सांखळी विदर्भांतून गेली नाहीं. ती १९७४ पासून कोराडीस आणि नंतर मौद्यास अधिक विराट रूपानें चालूं लागली. पूर्वी वाफेचें यंत्र गिरणींत आपल्या डोळ्यांसमोर होतें. आतां तें दूर गेलें आहे आणि आपल्या घरीं केवळ त्याची तार येते, एवढाच फरक.

मौद्याच्या केंद्रांत घडतें तें असें. कोळसा पिठासारखा बारीक दळून भट्टींत फुंकला जातो. त्याच्या आंचेनें भोंवतालच्या नळ्यांतील पाण्याची वाफ होते व ती सुमारें ५४० अंशांपर्यंत तापविली जाते. ६६० मेगावॅटच्या संचांत तर दाब इतका ठेवतात कीं पाणी आणि वाफ यांतील भेदच नाहींसा होतो. ही वाफ टर्बाइनच्या पात्यांवर सोडतात. अशा प्रकारचें बहुपाती टर्बाइन चार्ल्स पार्सन्स यानें १८८४ सालीं बनविलें. टर्बाइनच्या आंसाला जनित्र जोडलेलें असतें आणि त्यांत लोहचुंबक तारेच्या वेटोळ्यांमध्यें फिरतें. चुंबक हालतांच तारेंत प्रवाह उत्पन्न होतो, हा १८३१ सालचा मायकेल फॅरेडेचा शोध. टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ पुन्हां पाणी होण्यासाठीं निववावी लागते. वाफ निववावयाचें पात्र निराळें ठेवण्याची युक्ति जेम्स वॅटचीच, आणि तिचें पेटंट १७६९ सालचें.

आतां कार्नोचा नियम लावून पाहूं. वर ५४० अंश आणि खालीं निववणीचे ४५ अंश एवढें अंतर असतां, निर्दोष यंत्रासही शंभर भाग उष्णतेंतून सुमारें साठच भाग कार्यास लावतां येतील. प्रत्यक्षांत सर्व उष्णता वरच्या तापमानास दिली जात नाहीं, कांहीं धुराड्यांतून जाते, कांहीं घर्षणांत जाते. त्यामुळें हातीं पडतात ते ३५ ते ४० भाग. हें प्रमाण थोडें वाटलें तरी मागें वळून पाहावें. १७१२ सालच्या न्यूकोमेनच्या एंजिनांत शंभरांतील एक भागही धड पदरांत पडत नसे. तीनशें वर्षांच्या बुद्धिवैभवानें एकावरून चाळीसापर्यंत मजल मारली. शंभर मात्र कोणत्याच कारागिराच्या नशिबीं नाहींत.

उरलेल्या भागांचें ओझें कोण वाहतें? येथें हा हिशेब पुस्तकांतून उठून नदीवर येतो. वाफ निवविण्यास पाणी लागतें. तें तापतें, मनोऱ्यांत शिंपडलें जातें आणि त्याचा कांहीं भाग वाफ होऊन आकाशांत जातो. मौद्याच्या केंद्रास हें पाणी वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाच्या जलाशयांतून मिळतें. या धरणाची कोनशिला १९८८ सालीं बसली ती प्रामुख्यानें भंडारा, नागपूर व चंद्रपूर जिल्ह्यांतील शेतांस पाणी देण्यासाठीं. एका युनिटामागें केवळ वाफ होऊन जाणारें पाणी सुमारें दोन लिटर धरलें, तर चारही संच पूर्ण भारानें चाललेल्या दिवशीं अकरा कोटि लिटर पाणी आकाशांत जातें. शहरांत माणशीं दररोज १३५ लिटरांचें जें प्रमाण धरतात, त्या प्रमाणानें तें आठ लक्ष लोकांस पुरेल. हे संच नेहमींच पूर्ण भारानें चालत नाहींत. तरी प्रश्नाचा आकार यावरून कळतो. केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्यानें डिसेंबर २०१५ मध्यें निववणीचे मनोरे असलेल्या चालू केंद्रांस युनिटामागें साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा घातली, ती याच कारणानें. कोराडीस नागपूर शहराचें सांडपाणी शुद्ध करून वापरण्याची जी योजना झाली, तिच्या मुळाशींही हाच विचार आहे.

पाण्याबरोबर कोळशाचाही हिशेब घ्यावा. एका युनिटांत ८६० किलोकॅलरी ऊर्जा असते. आपल्याकडील मध्यम प्रतीच्या एका किलोग्रॅम कोळशापासून ३,५०० किलोकॅलरी उष्णता मिळते असें धरलें, तर एका युनिटासाठीं सुमारें दोन तृतीयांश किलोग्रॅम कोळसा जळतो. त्यांतून जुन्या मापानें पावशेराएवढी राख उरते आणि जवळजवळ एक किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड वायु हवेंत मिसळतो. मौद्याच्या पूर्ण भाराच्या एका दिवसास हा कोळसा छत्तीस हजार टनांच्या घरांत जातो. म्हणजे रेल्वेच्या नऊ-दहा भरलेल्या मालगाड्या.

वीज निर्माण करण्याचा प्रत्येकच मार्ग हा कर भरतो असें मात्र समजूं नये. १९१५ सालीं टाटांच्या जलविद्युत् कंपनीनें खोपोलीस सह्याद्रीच्या माथ्यावरचें पाणी पांचशें मीटरांहून अधिक खोल सोडून वीज काढली व ती मुंबईच्या गिरण्यांस पुरविली. तेथें उष्णतेचा मध्यस्थ नाहीं. म्हणून पडणाऱ्या पाण्याच्या ऊर्जेचा बहुतेक सर्व भाग विजेंत उतरतो. आणि ज्यूलचा आंकडा आठवा : ती सगळी ऊर्जा जर पाणी तापविण्यांतच खर्ची पडली असती, तर सबंध घाट उतरूनही तें पाणी सव्वा अंशानेंच तापलें असतें! जी ऊर्जा पाण्याच्या अंगांत कळतही नाहीं, ती चक्रावर घेतली म्हणजे गिरण्या चालवूं शकते.

केंद्रांतून निघालेली वीज आपल्या घरीं येईपर्यंतही थोडी गळती होतेच. तारेंत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हा नियमही ज्यूलचाच, १८४१ सालचा. प्रवाह निम्मा केला तर उष्णता चौथाईवर येते. म्हणूनच मौद्याची वीज ४०० किलोव्होल्टच्या उच्च दाबानें दूर पाठवितात. दाब वाढविला कीं तेवढ्याच शक्तीस प्रवाह थोडा पुरतो. शेतांतून गेलेले ते उंच मनोरे आणि त्यांवरच्या तारा ज्यूलच्या एका ओळीच्या समीकरणास अनुसरूनच उभ्या आहेत.

आणि आतां घर. थंडीच्या दिवसांत आपण स्नानासाठीं वीस लिटर पाणी वीस अंशांवरून पंचेचाळीस अंशांवर आणतों. त्यास ५०० किलोकॅलरी, म्हणजे सुमारें पावणेसहा दशांश युनिट, लागतात. विजेच्या तापकांत ही वीज पुरतेपणीं उष्णता होते, म्हणून तो उत्तम यंत्र आहे असा त्याचा लौकिक आहे. तापकापुरता तो खरा आहे. परंतु त्या ५०० किलोकॅलरींसाठीं मौद्यास साडेतेराशेंच्या आसपास किलोकॅलरी जाळाव्या लागल्या, आणि एक लिटरावर पाणी त्यापायीं वाफ होऊन गेलें. कोळशाची उष्णता मोठ्या सायासानें विजेच्या रोकडींत आणावयाची, दोन तृतीयांश भाग वाटेंत सोडावयाचा, आणि घरीं येतांच ती रोकड पुन्हां कोमट पाण्यांत बुडवावयाची, असा हा उलटा व्यापार आहे. छपरावर पडणारें ऊन हेंच काम सौर तापकांत विनामूल्य करतें; पंचेचाळीस अंशांची उष्णता मिळविण्यास साडेपांचशें अंशांची वाफ लागत नाहीं. उलट पंखा, पंप, दिवा, रेडिओ यांस जी ऊर्जा हवी ती उष्णता नव्हे. तेथें विजेवांचून चालत नाहीं, आणि तेथें खर्च झालेली वीज सार्थकीं लागते. त्यांतही निवड आहेच. तापलेल्या तारेच्या जुन्या दिव्यांत शंभरांतील फार तर पांच भागांचा प्रकाश होई व बाकीची उष्णता. आजचा नऊ वॅटचा एल्ईडी दिवा जुन्या साठ वॅटच्या दिव्याएवढा उजेड देतो.

काटकसरीचा उपदेश आपण पुष्कळ ऐकलेला असतो, आणि तो बहुधा पैशाच्या बचतीपुरता असतो. रम्फर्डपासून क्लॉसियसपर्यंतच्या या इतिहासानें त्याला दुसरा पाया दिला आहे. ऊर्जा निर्माण करणें मनुष्याच्या हातीं नाहीं आणि नष्ट करणेंही नाहीं. तिची रोकड कोठें मोडावी आणि कोठें मोडूं नये, एवढाच निर्णय त्याच्या हातीं आहे. घरांतील कळ दाबणाऱ्या बोटास तो निर्णय दिवसांतून अनेक वेळां घ्यावा लागतो, आणि एकेका युनिटामागें वैनगंगेचें दोन लिटर पाणी व दोन तृतीयांश किलोग्रॅम कोळसा त्या निर्णयाची वाट पाहत असतो.